उतरंडीतलं बी

१९७२ चा दुष्काळ. अंबडला आमची विहीर पार आटली होती. आई अन् दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. तिथं सुकडी मिळायची, रेशनवर तांबडी मिलो. घरात उतरंडीतल्या एका गाडग्यात मात्र राख लावलेली बाजरी होती, पेरणीसाठी राखलेली.

एका रात्री धाकटा भुकेनं रडायचा थांबेना. दादा म्हणाले, "काढ ते गाडगं. पोर जगलं तर पेरू." आई काही बोलली नाही. पदरात बांधून आणलेली आपल्या वाटची सुकडी तिनं त्याला चारली. गाडगं तसंच राहिलं.

पुढच्या साली पाऊस आला, तीच बाजरी पेरली. पण तेवढ्यावरून आई खरी अन् दादा खोटे, असं मी म्हणणार नाही. सुकडी नसती तर ते बी पोराच्या तोंडात घालणं हाच धर्म होता. आशा नुसत्या मनाच्या बळावर तगत नाही. तिला कुणाच्या तरी हातचा घास लागतो.

म्हणून खचलेला माणूस दारात आला, की 'धीर धर' म्हणायच्या आधी मी विचारतो, "जेवलास का?"