वासराला चीक, लेकराला मध

मध्यरात्र असो की पावसाची झड, म्हैस व्याली की वऱ्हाडातला शेतकरी कंदील घेऊन गोठ्यात बसतो. रेडकू लटपटत उभं राहिलं की त्याचं तोंड सडाला लावतो. पहिला चीक त्याच्या पोटात गेलाच पाहिजे. खरवसाचं नंतर बघू. चिकाविना वासरू जगत नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्याच घरात सून बाळंत झाली की मात्र रीत उलटी. तिचं पहिलं घट्ट, पिवळसर दूध ‘खराब’ म्हणून पिळून टाकायचं आणि लेकराच्या जिभेला मध लावायचा. ही रीत कालपरवापर्यंत गावोगाव होती, आणि ती पुरती गेली असं आजही छातीठोकपणे सांगवत नाही. वऱ्हाडातल्याच वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. दंतकथा वत्स ऋषींची आहे, पण वत्स म्हणजे वासरूही आणि लेकरूही. एका वत्साबद्दल आपण शहाणे होतो, दुसऱ्याबद्दल नव्हतो.

असं का झालं असावं? याचं एक उत्तर शरीरातच सापडतं. गाय-म्हशीच्या वारेतून आईची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) गर्भात पोचत नाहीत. वासरू त्या बाबतीत कोरं जन्मतं आणि त्याचं आतडं पहिला दिवसभरच चिकातली प्रतिपिंडं रक्तात घेऊ शकतं. ती वेळ चुकली की चूक चार-आठ दिवसांत डोळ्यांसमोर मरून पडते. माणसाच्या वारेतून मात्र प्रतिपिंडं जातात, तीही मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणून दिवस पुरे होण्याआधी जन्मलेलं बाळ अर्धीच शिदोरी घेऊन येतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला चीक नाही मिळाला तरी ते त्याच आठवड्यात दगावेल असं नसतं. चिकातली प्रतिपिंडं त्याच्या रक्तात फारशी जातही नाहीत. ती आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात. पहारा नसला की हगवण लागते, बाळ सुकतं, आणि दोष नजरेला किंवा सटवाईला जातो. गोठ्यातल्या चुकीची शिक्षा लगेच मिळायची. घरातल्या चुकीची शिक्षा उशिरा आणि दुसऱ्याच नावाने यायची.

आजारपणाबद्दलच्या आपल्या सगळ्या विचाराला ‘प्रतिकारशक्ती’ या शब्दाने एक वळण लावलं आहे. शक्ती म्हटली की ती कमी असते, जास्त असते, वाढवता येते. मग बाटलीत भरून विकताही येते. २०२० नंतर ‘इम्युनिटी बूस्टर’ नाही असं किराणा दुकान शोधून सापडणार नाही. पण लहान मुलाच्या बाबतीत ही कल्पना अपुरी पडते. नवजात बाळ अशक्त नसतं, ते नवखं असतं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. बाळात ती चांगली ठसठशीत असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते. आपलं कोण नि परकं कोण, हे पेशींना शिकवणारी ती शाळा. बाळाकडे शिकायची तयारी भरपूर असते, नसते ती ओळख.

गंमत म्हणजे ओळखीची ही कल्पना आपल्या जुन्या माणसांकडे होती. मातामाय, म्हणजे देवीचा रोग, अंगावर येऊन गेली की त्या लेकराला पुन्हा धरत नाही, हे प्रत्येक गावाला माहीत होतं. कारण चुकीचं होतं, निरीक्षण चोख होतं. १८४६ मध्ये पीटर पानुम हा तरुण डॉक्टर गोवराच्या साथीत फॅरो बेटांवर गेला. तिथे त्याला दिसलं की १७८१ च्या साथीत लहानपणी गोवर निघालेले म्हातारे यावेळी सुटले होते. मधली ६५ वर्षं त्या बेटांवर गोवर नव्हता, तरी शरीर विसरलं नव्हतं.

ओळख मुद्दाम करून देता येते, हे तोवर देवीच्या लशीने दाखवलं होतं. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. लस बगदाद, बसरा करत दंडावरून दंडावर आली होती. पोरांची शरीरं हीच तिची भांडी. पुढे गावोगाव ‘देवी डॉक्टर’ फिरू लागला तेव्हा पोरं कडब्याच्या गंजीमागे लपायची. रोगाचं नाव देवी, लशीचं नाव देवी, माणसाचंही देवी.

आई या गोष्टीत शिरली ती १८९२ मध्ये. पॉल एर्लिख या शास्त्रज्ञाने उंदरांच्या पिलांची अदलाबदल केली. विषाला सरावलेल्या मादीचं दूध प्यालेली परकी पिलंही वाचली, म्हणजे आई आपली ओळख उसनी देऊ शकते. उसनी हा शब्द इथे महत्त्वाचा. माणसाच्या बाळात वारेतून आलेली प्रतिपिंडं विरत जातात आणि सहा महिने ते वर्षभरात संपत येतात. बरं, ती असेपर्यंत लशीलाही अडवतात. गोवराची लस जन्मतःच न देता नऊ महिन्यांनी देतात याचं कारण हेच: आईचा पहारा उठायला हवा, पण रोग दारात येण्याआधी. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत.

प्रत्येक ओळख प्रत्येक वयात जमत नाही, हेही उशिरा कळलं. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस या जिवाणूवर साखरेचं आवरण असतं आणि दोन वर्षांखालच्या मुलाला ते नीट ओळखता येत नाही. म्हणून लशीत त्या साखरेला प्रथिनाची जोड देतात, आणि पोर ओळखतं. बाराखडीतलं अक्षर कळत नाही तोवर शेजारी चित्र काढतो, तसंच काहीसं.

गोवराचं मात्र एक वेगळंच कपट आहे. तो आधीच्या ओळखीच पुसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं होतं. त्यांनी इतर रोगांविरुद्धची प्रतिपिंडं ११ ते ७३ टक्के गमावली होती. ‘गोवर निघालेलं बरं, पोर टणक होतं’ असं आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणायची. जगून-वाचून राहिलेल्यांकडे बघूनच ती म्हणत होती.

वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्याकडच्या तांड्यात श्रावणात जन्मलेलं लेकरू वैशाखात नऊ महिन्यांचं होतं, तेव्हा माय घरी असते आणि गोवराच्या लशीचा पहिला डोस होऊन जातो. सोळावा महिना मार्गशीर्षात भरतो. ऊसतोडीला जाणारं घर असेल तर तोवर त्याला कुलूप लागलेलं असतं. तो दुसरा डोस साखर कारखान्याजवळच्या लसीकरण सत्रातही मिळतो, किंवा परत आल्यावर चोवीस महिने भरण्याआधी. म्हणून निघताना आशाताई एकच गोष्ट दोनदा विचारते: लसीकरणाचं कार्ड घेतलं का? मग ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, भांड्यांच्या गाठोड्यात सोबत जातं.