खोटा तराजू

सेवाग्रामच्या आश्रमात सर्वधर्म प्रार्थना होते. मोकळ्या आकाशाखाली, जमिनीवर बसून.

जवळच वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा राहत. श्रद्धावान ख्रिस्ती, लंडनला शिकलेले हिशेबतज्ज्ञ. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाची धुरा त्यांनी वाहिली. कष्टकऱ्याच्या घामाला रास्त मोल मिळावे, हा त्यांचा ध्यास होता.

या ध्यासाचे मूळ बायबलमध्येही सापडते. देव पवित्र आहे, असे बायबल सांगते. म्हणूनच त्याला अन्याय खपत नाही. आमोस हा मेंढपाळ संदेष्टा. खोट्या तराजूने गरिबाला नाडणाऱ्यांना त्याने खडसावले, तुमचे सण आणि तुमची गाणी देवाला नकोत.

देव पवित्र आहे. मग त्याच्यापुढे जोडलेले हात व्यवहारातही स्वच्छ हवेत. श्रोतेहो, कुणाची मजुरी थकली असेल, तर आज दिवस मावळण्याआधी देऊन टाका.