बंद कवचातले अनुमान

जुन्या स्वयंचलित गिअरबॉक्सचा वापरलेला टॉर्क कन्व्हर्टर विकत घेताना न्यायदर्शनातला एक प्रश्न हातात येतो: जे डोळ्यांना दिसत नाही, त्याचे ज्ञान खात्रीचे कसे व्हावे? कन्व्हर्टर म्हणजे कढईवर कढई पालथी घालून काठ वेल्डिंगने बंद केल्यासारखे लोखंडी कवच. आत इंजिनाबरोबर फिरणारे पंपचक्र तेल फेकते, त्या तेलाने टर्बाइन फिरते, आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाला वळवून जोर वाढवतो. भोपाळच्या अवधपुरीत हे समजावणे सोपे जावे. शेजारच्या भेलच्या कारखान्यात पाण्याच्या टर्बाइन बनतात आणि त्यांतही पाण्याला दिशा देणारी पाती असतात. पंप आणि टर्बाइन एका कवचात आणण्याची कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांची, 1905 सालची.

आधी ओळख पटवावी लागते, आणि तिथे उपमान कामाला येते. गाईसारखा दिसतो तो गवय, एवढे ऐकून रानात गेलेला माणूस गवय ओळखतो, हा नैयायिकांचा दाखला. सुटे भाग शोधणाराही असेच वर्णन घेऊन भंगारबाजारात शिरतो. पण सारखेपणा फसवतो. 1940च्या ओल्ड्समोबाइलबरोबर आलेल्या हायड्रामॅटिकमधला गोल बाहेरून तसाच दिसतो, मात्र तो नुसता द्रव-कपलिंग. त्यात स्टेटरच नाही. शेव्हरोलेच्या पॉवरग्लाइडमध्ये (1950) खरा कन्व्हर्टर आहे. म्हणून बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या उंचवट्याची जाडी आणि तेलपंप फिरवणाऱ्या खाचा मोजूनच घ्याव्यात. विकणाऱ्याचा शब्द प्रमाण धरायचा तर तो आप्त, म्हणजे विश्वासार्ह जाणकार हवा, आणि भंगारबाजारात आप्त क्वचितच भेटतो.

खरी कसोटी अनुमानाची. नदी फुगलेली दिसली की वर पाऊस झाला, हे न्यायसूत्रांच्या परंपरेतले प्रसिद्ध उदाहरण. त्यावरचा आक्षेपही तिथेच आहे: बांध घातल्यानेही पाणी चढते. भोपाळकरांना हे वेगळे सांगायला नको; भदभदा धरणाची दारे उघडली की खाली कलियासोत नदीला पाणी चढते, मग डोक्यावर ऊन का असेना. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याचे उत्तर मार्मिक आहे. नुसते चढलेले पाणी हा हेतू, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूण, नव्हेच. वेगवान प्रवाह, फेस, वाहून येणारी पाने, फळे, लाकडे मिळून हेतू होतो.

कन्व्हर्टरच्या बाबतीतही एका खुणेवर भागत नाही. त्यातून काळे, जळक्या वासाचे तेल निघाले की गिऱ्हाईक तो जळाला असे ठरवून मोकळे होते. परंतु त्या काळच्या बहुतेक कन्व्हर्टरांत जळण्यासारखी घर्षणपट्टीच नसते. ती गिअरबॉक्सच्या क्लचमध्ये असते. वास तिथला, साठा इथला. तरीही माल निर्दोष ठरत नाही, कारण पात्यांमागे अडकलेला गाळ नुसत्या धुण्याने पुरता निघत नाही आणि पुढे चांगल्या गिअरबॉक्समध्ये उतरतो. कवचावर निळसर झाक असेल तर ते तापले होते. उंचवट्यावर सीलच्या जागी नख अडकेल अशी चरी असेल तर तेल गळणार. शेवटी उंचवट्याच्या भोकात बोट घालून स्टेटरची दातेरी कडी फिरवावी: एका बाजूला सहज फिरावी, दुसरीकडे अडावी. दोन्हीकडे फिरली तर गाडी जागेवरून नीट उचलणार नाही. दोन्हीकडे अडली तर वेगात तेल तापेल. मात्र बोटाला अडणारी कडी इंजिनाच्या जोरापुढे घसरू शकते, म्हणजे ही परीक्षा दोष सिद्ध करते, निर्दोषत्व नाही.

प्रत्यक्षाशिवाय काहीच न मानणाऱ्या चार्वाकाला लेथवर वेल्ड कापावा लागेल. मग आतले सगळे दिसते. पण कवच पुन्हा जोडताना केंद्र जरासे हलले तरी ते थरथरते आणि पंपाचे सील खाते. त्यामुळे असा जोडकाम झालेला माल घेताना नव्या वेल्डची रेघ आधी पाहावी, आणि न कापलेल्याची किंमत त्याला पुढे कापावेच लागेल असे धरून ठरवावी.