एक लहानसे असत्य

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा अकरा वर्षांचा नातू आमच्याकडे सांगलीला आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने माळ्यावरचा एक खोका खाली काढला. त्यात त्याच्या बापाच्या लहानपणच्या फ्लॉप्या, तीन-चार सीड्या आणि पुष्कळशी धूळ निघाली. फ्लॉपी म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावे लागले. पण एका सीडीवर मोटारींच्या शर्यतीचे चित्र होते, ते समजावण्याची गरज पडली नाही. १९९७ सालच्या दिवाळीत मीच तो खेळ मुलाला घेऊन दिला होता. नातवाने खटपट करून तो आमच्या नव्या संगणकावर चढवला, सुरू केला आणि लगेच हाक मारली, "आजोबा, हा म्हणतोय मेमरी पुरत नाही!"

मी चष्मा लावून पाहिले. सीडीच्या वेष्टनावर लिहिले होते की, खेळाला १६ मेगाबाइट मेमरी लागते. आमच्या संगणकात १६ गिगाबाइट आहे, म्हणजे मागणीच्या एक हजार चोवीस पट. कृष्णेच्या काठी बसून कोणी तांब्याभर पाणी मिळत नाही म्हणून रडावे, तसा हा प्रकार!

अपुऱ्या मेमरीची तक्रार आमच्या घराला तशी नवी नव्हती. १९९४ साली पहिला संगणक घेतला तेव्हा त्यात चार मेगाबाइट मेमरी होती; तरीही विमानांचा एक खेळ सहाशे किलोबाइट जागा मोकळी नाही म्हणून अडून बसे. कारण मागाहून कळले. आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला पर्सनल काँप्युटर काढला, त्याच्या प्रोसेसरला एक मेगाबाइटच्या पलीकडचे मोजताच येत नव्हते. त्यातले ६४० किलोबाइट प्रोग्रॅमांना मिळाले आणि उरलेले ३८४ पडदा वगैरे यंत्राच्या घरगुती कामांसाठी राखून ठेवले गेले. पुढे मेमरी वाढली, पण डॉसवरचे पुष्कळसे खेळ त्या पहिल्या ६४० मध्येच जागा मागत राहिले. घर चार खोल्यांचे झाले तरी पाहुण्याने ओटीवरच बसण्याचा हट्ट धरावा, तसे. मग आमची रविवारची सकाळ कॉन्फिग डॉट सिस नावाच्या फायलीत जाई. तीत हायमेम आणि ईएमएम-३८६ यांच्या ओळी लिहायच्या, माउसचा ड्रायव्हर वरच्या मेमरीत ढकलायचा, आणि ओटी मोकळी करायची. खेळ सुरू झाला की आम्हां बापलेकांना गड सर केल्याचा आनंद होई.

या वेळी मात्र ढकलण्यासारखे काही नव्हते. मी पुण्याला मुलाला फोन लावला. तो आता याच धंद्यात आहे. तो हसला आणि म्हणाला, "बाबा, त्याला कमी पडत नाहीये. त्याला जास्त झालंय."

त्याचा अर्थ असा. जुन्या प्रोग्रॅमने आकडा लिहिण्यासाठी ठरावीक घरे राखलेली असतात. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा ९९,९९९ झाला की पुढे सगळी शून्ये येत, तसेच इथे घडते. ज्या प्रोग्रॅमची मोजणी २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जाते, त्याला त्याहून एक बाइट जास्त आहे असे सांगितले की तो ती संख्या उणे समजतो. आणि उणे म्हणजे शून्याहूनही कमी. मग तो बिचारा प्रामाणिकपणे सांगतो की, मेमरी पुरत नाही. इतकी संपत्ती कोणा घरी असेल, हे त्याच्या जन्माच्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

"मग करायचं काय?"

"त्याला खरा आकडा सांगायचा नाही."

आणि मौज अशी की, हा इलाज चोरून करायचा नसतो. जुने प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालावेत म्हणून मायक्रोसॉफ्टनेच दुरुस्त्यांची एक लांबलचक यादी करून ठेवली आहे. तीत एका दुरुस्तीचे नाव आहे 'ग्लोबल मेमरी स्टेटस लाय'. लाय म्हणजे खोटे! मेमरी अपुरी पडली तर संगणक डिस्कवरची थोडी जागा वापरतो, तिला स्वॅप फाइल म्हणतात. ती प्रत्यक्षात कितीही मोठी असो, ही दुरुस्ती जुन्या प्रोग्रॅमला सांगते की ती चारशे मेगाबाइट आहे. ज्यांनी हे नाव ठेवले त्या माणसांबद्दल मला आदर वाटतो. खोटे बोलावे लागले तेव्हा त्यांनी त्याला निदान दुसरे गोंडस नाव दिले नाही.

मुलाने फोनवरून एकेक पायरी सांगितली, नातवाने ती केली, आणि मोटारी धावू लागल्या. दोन शर्यती झाल्यावर नातवाने एकाएकी विचारले, "आजोबा, म्हणजे आपण त्याच्याशी खोटं बोललो ना?"

मी हसून उत्तर देणार होतो. पण ते ओठांवरच राहिले. मला आदल्या वर्षीची भाऊबीज आठवली.

माझी आत्या मिरजेला असते. वय एकोणनव्वद. माझे वडील तिचे थोरले भाऊ, तिचे दादा. ते १९९८ साली गेले. तरी भाऊबीजेला ती आमच्याकडे येते आणि मला ओवाळते. हा रिवाज तिनेच पाडला. अलीकडे तिच्या स्मरणशक्तीने दगा दिला आहे. आदल्या वर्षी दारातून आत येताच तिने विचारले, "दादा कुठं गेला?" मी आयुष्यभर खरे बोलण्याचा अभिमान बाळगलेला माणूस. मी म्हटले, "आत्या, दादांना जाऊन किती वर्षं झाली!" ती मटकन खाली बसली आणि आज, या क्षणी भाऊ गेल्यासारखी रडली. अर्ध्या तासाने डोळे पुसून तिने विचारले, "दादा कुठं गेला?" मी पुन्हा खरे सांगितले. ती पुन्हा रडली. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "बाजारात गेलाय." ती समाधानाने करंजी खाऊ लागली, आणि मी मात्र रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलो.

मी तिच्यावर दया केली, की मला तिच्या रडण्याचा कंटाळा आला होता?

धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे, आणि द्रोणाला अर्धसत्य सांगताच तो खाली टेकला, असे महाभारत सांगते. लहानपणी मला वाटे की ही शिक्षा फार कडक झाली. आता वाटते, रथ खाली आला तो शब्द खोटा होता एवढ्यासाठी नव्हे, तर त्या शब्दाचा लाभ बोलणाऱ्याच्या पदरात पडणार होता म्हणून. संगणकाच्या त्या दुरुस्तीकडे पाहताना मला फरक दिसला. तिथे मोठा लहान होतो. ज्याच्यापाशी १६ गिगाबाइट आहेत तो समोरच्याच्या मोजपट्टीत मावेल एवढाच आकडा सांगतो. जुन्या प्रोग्रॅमचे एक अक्षरही बदलत नाही, त्याला अडाणी म्हणत नाही. शिवाय ते असत्य त्या एका खेळापुरतेच असते. बाकीच्या सगळ्या प्रोग्रॅमांना खरा आकडाच मिळतो.

कोणी म्हणेल की, प्रोग्रॅम आणि माणूस यांत काही अंतर आहे की नाही? आहे, आणि ते फार मोठे आहे. प्रोग्रॅमला सत्याचा अधिकार नाही; माझ्या आत्याला आहे. तिची मोजपट्टी कायमची तोकडी झाली, असे ठरवणारा मी कोण? सकाळी जे तिच्या मनात मावत नाही ते कदाचित संध्याकाळी मावेल. एकदा चारशेचा आकडा ठरवून दिला की यंत्राचे काम संपते. माणसाच्या बाबतीत तो आकडा दर वेळी नव्याने विचारावा लागतो, आणि विचारणाऱ्याने घाई करून चालत नाही. मी बाजाराचे नाव घेतले तेव्हा मला घाई होती. माझे चुकले ते तिथे.

नातवाला मी एवढेच म्हटले, "बोललो खरे. पण त्याच्यासाठी बोललो की आपल्यासाठी, ते बघायला हवं."

"दोघांसाठी," तो म्हणाला. "त्याला चालायचं होतं आणि मला खेळायचं होतं."

चारच दिवसांनी भाऊबीज आली. आत्या आली, आणि चपला काढता काढता तिने विचारले, "दादा कुठं गेला?" या वेळी मी बाजाराचे नाव घेतले नाही आणि मरणाचेही नाही. मी तिला हात धरून बसवले आणि विचारले, "आत्या, दादा तुला भाऊबीजेला काय घालायचा गं?" ती खुलली. एका वर्षी त्याने स्वतःच्या शिकवणीच्या पैशांतून आणलेले हिरवे परकराचे कापड, कृष्णेच्या पुरात पोहायला गेला म्हणून वडिलांचा खाल्लेला मार, चकल्या चोरल्याचा आळ तिने स्वतःवर घेतला ती दुपार, असे सगळे तिने ओळीने सांगितले. नातू खेळ सोडून ऐकत बसला होता.

मग पाट मांडला. निरांजन लागले. ताम्हण हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"तू दादा नव्हेस."

"नाही आत्या. मी त्याचा मुलगा."

"तो गेला ना रे?"

प्रश्न स्वच्छ होता. विचारणारीला त्याचे उत्तर पेलणार होते. "हो आत्या," मी म्हणालो, "गेला."

तिचे डोळे भरले. पण ताम्हण हलले नाही. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "नीट बस. आणि टोपी घाल डोक्यावर. दादाला बोडक्या डोक्यानं ओवाळून घेतलेलं खपायचं नाही."

नातू धावत जाऊन माझी टोपी घेऊन आला.