मित्र हा अतिथी काय?

शरदाची पौर्णिमा वाराचा विचार करीत नाही. २०२२ साली कोजागिरी रविवारी आली, २०२३ साली शनिवारी; पण २०२४ साली ती बुधवारी आली आणि २०२५ साली सोमवारी. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी गाठावयाची असताना आदल्या रात्री चार स्नेह्यांना जेवावयास बोलवावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ सोयीचा आहे. त्यात नीतिविचाराला जागा असेल असे मलाही पूर्वी वाटत नसे. ती आहे हे ज्या प्रसंगाने मला कळले, तो माझ्या लौकिकात भर घालणारा नाही. तथापि तो सांगितल्यावाचून पुढील विवेचनाला आधार राहणार नाही.

२०२२ च्या त्या रविवारी आम्ही आमच्या पुण्यातील घराच्या गच्चीवर दहाबारा मंडळींना बोलावले होते. दूध आणि फार तर भेळ, हा कोजागिरीचा रिवाज मला अपुरा वाटला. मसालेभात, अळूवड्या, पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड असा बेत ठरला, आणि शेवटी केशर, बदाम, पिस्ते, चारोळी व जायफळ घालून आटवलेले दूध. मी स्वतः सतरंज्या अंथरण्यापलीकडे काही केले नाही. मंडळींनी ज्या आतिथ्याची वाखाणणी केली ते मात्र आपलेच आहे असे समजून मी ती आनंदाने स्वीकारली. माझी पत्नी जेवावयास बसली तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. तिने चांदणे पाहिले की नाही, हे मी विचारले नाही.

त्या मंडळीत माझा एक कॉलेजातील मित्र होता. तो, त्याची पत्नी, आई आणि दोन मुली असे पाच जण दोन खोल्यांत राहतात. निघताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी आमच्याकडे." पुढच्या वर्षी त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होते, वेध पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांमुळे अनेक घरांतले बेत रहित झाले, तसा आमचाही झाला, आणि त्याचे न भेटणे कोणाच्या ध्यानी आले नाही. २०२४ साली बोलावणे करूनही तो आला नाही, तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "तुझ्याकडचे ते ताट मला परत करता येणार नाही. मग दरवर्षी नुसते येऊन जेवून जायचे, हे बरे दिसत नाही." परतफेडीची अपेक्षा केली आहे कोणी, असे मी अर्थातच म्हणालो. "तू करीत नाहीस, हेच अवघड आहे," असे म्हणून तो चहा सांगावयास आत गेला.

मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा देणगीविषयीचा प्रसिद्ध निबंध १९२५ साली छापून आला. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने एकाच साखळीची आहेत, असे त्याने दूरदूरच्या समाजांची उदाहरणे घेऊन दाखविले. तो निबंध मी वाचला होता. पण ती साखळी आपल्याच गच्चीवर एखाद्याच्या पायात पडू शकते, हे वाचून कळत नाही.

आपल्याकडे अतिथीला देव मानण्याचा उपदेश उपनिषदाइतका जुना आहे, आणि यजमानपणाचा सारा अभिमान आपण त्याच्या आश्रयाने मिरवतो. परंतु मित्र हा अतिथी काय? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात एक रात्र राहणारा तो अतिथी अशी व्याख्या आहे, आणि मित्राला अतिथी म्हणू नये असे स्पष्ट सांगितले आहे. (त्याच श्लोकात वर्णांची जी उतरंड लावली आहे ती मला सर्वस्वी अमान्य आहे, हे येथेच सांगितलेले बरे.) पुढे मात्र असे आहे की प्रेमाने घरी आलेल्या मित्रांना यथाशक्ती भोजन द्यावे, आणि तेही पत्नीसमवेत. टीकाकार या शेवटच्या शब्दांचा अर्थ तिच्या जेवणाच्या वेळी असा लावतात. कसाही अर्थ घ्या, ज्या मेजवानीत घरधनीण साडेअकराला जेवते ती त्यात बसत नाही.

देवाचे आपण करतो त्यात बरोबरी नसते; तेथे एकाने द्यावे व दुसऱ्याने प्रसन्न व्हावे. मित्राला देवाच्या पाटावर बसविले की त्याच्याकडे प्रसन्न होण्यापलीकडे काही कामच उरत नाही. माझे चुकले ते येथे. मी खर्च फार केला, हा दोष गौण. मित्राला करण्यासारखे मी काही शिल्लक ठेवले नाही, आणि जे दिले तेही दुसऱ्याच्या कंबरेचे व झोपेचे होते. हे पत्नीजवळ बोललो तेव्हा ती इतकेच म्हणाली, "हे तुम्हाला दोन वर्षांनी कळले होय?"

यावर कोणी म्हणेल की साधेपणाची ही महती म्हणजे कृपणाला मिळालेली सोयीची ढाल आहे. आक्षेप खोटा नाही. सणासुदीला हौसेने रांधणारी आणि त्यात खरोखर रमणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या पंक्तीला बसताना कोणाला ऋण जाणवत नाही. पण अशी हौस ज्याची त्याने करावयाची असते. माझी हौस मी दुसऱ्याच्या हातांनी केली होती.

२०२५ ची कोजागिरी सोमवारी आली आणि वाराने आमची सुटका केली. संध्याकाळी सातला दोघेही कामावरून परतणार, तेव्हा थाटमाट शक्यच नव्हता. पिठले, भात, ठेचा आणि दूध एवढेच होईल, असे मी मित्राला आधीच सांगितले. कांदा चिरावयास कोणी नाही हेही सांगितले. तो सहकुटुंब साडेसातला आला. कांदा त्याने चिरला. दूध ढवळण्याचे काम माझ्याकडे होते आणि गप्पांच्या नादात ते खाली किंचित लागले; जायफळाने तो वास झाकला नाही. त्याची आई म्हणाली, "लागलेले दूध मुलांना आवडते," आणि तिच्या नातींनी खरोखरच दोनदा मागून घेतले. माझी पत्नी सर्वांबरोबर नऊ वाजता जेवली आणि वर जाऊन कठड्याशी बराच वेळ उभी राहिली.

सकाळी सर्वांनाच लवकर उठावयाचे असल्यामुळे दहाला मंडळी उठली. या खेपेस मित्र पुढच्या वेळी आमच्याकडे असे काही म्हणाला नाही. पातेले घासून ठेवू का, एवढेच त्याने विचारले. मी नको नको म्हणतो आहे तोच पत्नीने घासणी त्याच्या हाती दिली.