बियाण्याची भेंडी

परसात पावसाळी भेंडी लावणाऱ्या घराला श्रावणात एक निवड करावी लागते: बियाण्यासाठी कोणती भेंडी राखायची? भाजीची भेंडी फुलानंतर ५-६ दिवसांत, कोवळी असतानाच खुडतात. बियाण्याची मात्र महिनाभर झाडावरच सुकू द्यावी लागते. शिवाय फळ जून होऊ लागलं, की झाडाचा जोर बियांकडे जातो आणि नवी फुलं कमी येतात. म्हणजे एक भेंडी राखली, तर ताटातल्या अनेक जातात. आणि राखायची तीही सर्वांत जोमदार झाडाची.

याला त्याग म्हणावं का? मला वाटतं, हे ऋण आहे. आज परतलेली भाजीसुद्धा कुणीतरी न खाल्लेल्या भेंडीतूनच आली. ज्यांनी ती राखली, ते आता भेटणार नाहीत. म्हणून फेड पुढच्यांकडेच करायची.

संकरित बियाण्याच्या पाकिटाने ही निवडच संपवली. त्याची पुढची पिढी मूळ वाणासारखी उतरत नाही, मग राखायचं कशाला? ज्याचं पोट पिकावर आहे, त्या शेतकऱ्याने ते वापरलं तर त्याला दोष देता येणार नाही. परसाला मात्र तेवढी निकड नसते. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा आणि वाटण्याचा हक्क दिला आहे. पण हात आवरायची सवय कायदा लावत नाही. ती घरातच, भाजी खुडताना लागते.