मुळावरचे आम्ल आणि व्याप्तीचा प्रश्न
हिरड्यांच्या आजारात दाताचे मूळ खरवडले की त्यावर चुऱ्याचा पातळ थर उरतो. सायट्रिक आम्ल, टेट्रासायक्लिन किंवा ईडीटीए लावल्यास तो निघतो, कोलॅजेनचे तंतू उघडे पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतातही. म्हणून हिरडी मुळाला पुन्हा धरेल, असे अनुमान निघाले. न्यायदर्शन, म्हणजे भारतीय तर्काची परंपरा, इथेच अडवते: तंतू दिसणे आणि दात सावरणे यांची व्याप्ती, म्हणजे एक असले की दुसरे असतेच हा नियम, सिद्ध कुठे झाली? 2003 च्या पद्धतशीर आढाव्यात तरी माणसांमध्ये लक्षणीय फायदा आढळला नाही. अपाय नसेल तर लावायला हरकत काय, असे कुणी म्हणेल. हरकत आहे, कारण लावणे म्हणजे फायदा होईल असे सांगणेच. रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी रुग्ण डॉक्टरांचा शब्द प्रमाण मानतो, आणि न्यायमते शब्द प्रमाण ठरतो तो बोलणारा आप्त, म्हणजे यथार्थ सांगणारा असेल तरच. एनामेलची प्रथिने लावण्यापूर्वी ईडीटीए वापरतात, त्यामागचा दावा मात्र वेगळा. त्याची परीक्षाही वेगळीच व्हावी.